तळघराचं एस्टिमेट

"आंटी, दिखेगा ही नहीं," ठेकेदार म्हणाला.

तो आमच्या तळघरातल्या उत्तरेकडच्या भिंतीबद्दल बोलत होता. त्या भिंतीवर फरशीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत आणि पोपड्यांखाली पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर आलेला क्षार, फुललाय. त्याने नखाने जरासा लोणा खरवडला, बोटं पँटला पुसली आणि मोबाइल काढून पीव्हीसी पॅनलचे फोटो दाखवायला सुरुवात केली. अक्रोड, सागवान, पांढरा संगमरवर, सोनेरी रेघांचा काळा संगमरवर. भिंतीवर पट्ट्या ठोकायच्या, पट्ट्यांवर पॅनल चढवायचे, वर फॉल्स सीलिंग, कडेने एलईडी, खाली लाकडासारखी दिसणारी फरशी. बोला, कधी सुरू करू? नवरा मान डोलावत होता. अक्रोड की सागवान या चर्चेत मीही हिरिरीने भाग घेतला. ठेकेदार चहा पिऊन, वर लसणाची शेव मटकावून गेला. रात्री ओटा पुसताना माझ्या डोक्यात ते वाक्य पुन्हा वाजलं. ओल थांबेल, असं तो एकदाही म्हणाला नव्हता. दिसणार नाही, एवढंच म्हणाला होता.

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घराला तळघर आहे ते काही कुणाच्या हौसेने झालेलं नाही. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, पाया खणायला घेतला तेव्हा काळी माती संपेचना. माळव्यात घर बांधणारा प्रत्येक जण हे जाणून असतो: मुरूम लागेपर्यंत खणायचं, मधे थांबायचं नाही. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. वैशाखात अंगणात अशा भेगा पडतात की मनगटापर्यंत हात आत जावा. तिच्यावर पाया टेकवला तर घर दर वर्षी हलतं, दारं चौकटीत अडकतात, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या तडा निघतात. म्हणून अण्णा खणत गेले. आधी काळी, मग पिवळट, मग कुठे मुरूम. एवढा खड्डा झाल्यावर तो परत बुजवायचा म्हणजे भरावाला पैसे. त्यापेक्षा भिंती वर आणून स्लॅब टाकला तर एक मजला जवळजवळ फुकटात पडतो, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. फक्त भिंती उभ्या राहिल्यावर बाहेरच्या बाजूला जी पोकळी उरली, ती मुकादमाने समोर ढीग पडलेल्या त्याच काळ्या मातीने भरून टाकली. माती पायाखालून काढली आणि उशाशी नेऊन ठेवली. तेव्हापासून दर आषाढात ती फुगते आणि भिंतीला रेटते, आणि पाऊस गेल्यावरही कितीतरी दिवस पाणी धरून बसते.

अण्णा पीएचईत, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्यात, ओव्हरसियर होते, नर्मदेच्या योजनेवर. १९७८ साली नर्मदेचं पाणी इंदुरात पोचलं; नदीकाठच्या जलूदहून साधारण सत्तर किलोमीटर, आणि तेही चारशे मीटरहून जास्त चढावर. आज नळ सोडताना कुणाच्या मनातही येत नाही की हे पाणी घाट चढून आलंय. अण्णांना मात्र ते रोज आठवायचं. पाहुण्याला पाण्याचा पेला देताना ते हटकून म्हणत, "घ्या, नर्मदा आहे." आणि त्याच माणसाच्या तळघरात बाहेरचं पाणी न विचारता यायचं. "नदी डोंगरावर चढवली, पण घरातली कमरेएवढी ओल काही उतरवता आली नाही," असं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजूनही म्हणतात. त्यात टोमणा किती आणि अभिमान किती हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. 'पग पग रोटी, डग डग नीर' ही माळव्याची जुनी फुशारकी आहे. पावलोपावली पाणी असणं शेताला ठीक, भिंतीला नाही.

तरीही उन्हाळ्यात त्या तळघराइतकी सुखाची जागा घरात दुसरी नव्हती. वर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, कूलरचा घुमणारा आवाज, वाळ्याचे ओले पडदे. आणि खाली जिना उतरलं की चौथ्या-पाचव्या पायरीवरच पायांना गारवा लागायचा. जमिनीच्या पोटात तापमान वर्षभराच्या सरासरीच्या आसपास रेंगाळतं, वरच्या ऋतूंची खबर तिथे उशिरा पोचते, हे पुढे मुलाच्या पुस्तकात वाचलं. तेव्हा फक्त एवढं कळायचं की दुपारी सगळ्यांची पावलं तिकडे वळतात. अण्णांच्या हौशी नाटकमंडळींच्या तालमी तिथेच चालत. इंदूरच्या मराठी माणसाला नाटकाचं वेड किती, हे इंदूरकरांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. मी लग्न होऊन आले त्या वर्षी एक ऐतिहासिक नाटक बसत होतं. चहाचा ट्रे घेऊन जिना उतरताना आधी फक्त पाय दिसायचे: कोल्हापुरी चपला, ऑफिसातून परस्पर आलेल्यांचे बूट, एका तरुण औरंगजेबाच्या निळ्या स्लिपर. मग हळूहळू धोतरं, पँटी, हातातल्या वह्या, आणि शेवटी चेहरे. ओल्या सिमेंटचा वास, विडीचा वास, ट्रंकेतून काढलेल्या मखमलीचा वास. एक दिवस प्रॉम्प्टर आला नाही. अण्णा ट्रे माझ्या हातून काढून घेत म्हणाले, "सूनबाई, वाचता येतं ना?" मी प्रॉम्प्टर झाले ती मंडळ बंद पडेपर्यंत. माझी खुर्ची उत्तरेच्या भिंतीला लागून असायची, कारण झरोक्याचा उजेड तिथेच पडतो. पाठीला ओल लागायची. मी पाठीमागे पोत्याची घडी घ्यायचे. इतकी वाक्यं मी कुजबुजत म्हटली आहेत, की त्यातली एकही मोठ्याने म्हणायला मिळाली नाही याचं वाईट वाटायला हवं होतं. कधी वाटायचं, कधी नाही. दुसऱ्याची स्मरणशक्ती आपल्या बोटाखाली असण्यात एक निराळी सत्ता असते.

मंडळ मोडलं, अण्णा गेले, आणि तळघर सामानाचं झालं.

आता ते पुन्हा माणसांचं करायचं, असं यंदा घरात ठरलं, आणि ठरल्याबरोबर प्रत्येकाने आपापला नकाशा काढला. मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, होम थिएटर कर आई, अंधार आयता आहे. मुलाला तिथे जिम हवंय, शिवाय बंगळुरूहून येईल तेव्हा कामाला बसायला एक टेबल. तो वर्षातून दिवाळीला येतो. नवऱ्याला बँकेतल्या जुन्या मित्रांसाठी कॅरमची खोली हवी, पण मित्रांपैकी एकाचे गुडघे बदललेत आणि दुसऱ्याला जिना उतरायची मनाई आहे. आईंचं म्हणणं एकच, महालक्ष्म्यांचे मुखवटे, मखर, पितळी समया आणि लोणच्याच्या बरण्या जिथे आहेत तिथून हलवायच्या नाहीत. मी माझा नकाशा काढला नाही. मला काय हवं ते विचारल्यावर मी "बघू" म्हणत राहिले. खरं तर त्या खोलीला नेमून दिलेलं काम नाही हेच मला आवडतं. वरच्या मजल्यावर प्रत्येक चौरस फूट कशाला तरी वाहिलेला आहे; सोफ्यावर बसलं की पाहुणं झाल्यासारखं वाटतं, पलंगावर बसलं की आजारी. तळघरातल्या जुन्या ट्रंकेवर बसलं की काहीच वाटत नाही. पण हे एस्टिमेटमध्ये कुठल्या खान्यात लिहायचं?

पॅनल चढवायचे तर भिंत मोकळी करावी लागणार, म्हणून मी तिथली सामानाची चळत हलवायला घेतली. गव्हाची जुनी रिकामी कोठी सरकवली. गहू कधीच वर गेलाय. एप्रिलमध्ये भरलेला वर्षाचा शरबती ओलीत ठेवायची हिंमत आईंनीसुद्धा एकदाच केली होती. कोठीच्या मागे, भिंतीवर, पेन्सिलच्या आडव्या रेघा. मला त्या माहीत होत्या, पण कधीतरी माहीत असलेल्या वस्तू आपण विसरतो तशा विसरल्या होत्या. अण्णा दर वर्षी अनंत चतुर्दशीच्या सुमाराला ओल जिथपर्यंत चढली असेल तिथे एक रेघ मारायचे आणि शेजारी साल लिहायचे. टोकदार पेन्सिल, फूटपट्टी लावून, खात्यातल्या नोंदवहीत लिहावं त्या अक्षरात. ८८, ८९, ९०. काही रेघा पोपड्याबरोबर गळून गेल्यात, काही क्षाराने खाल्ल्यात. ९४ची रेघ बरीच वर आहे. एके ठिकाणी तीन सालं एकाच रेघेवर, आणि बाजूला बारीक अक्षरात 'स्थिर'. एका सालाखाली 'पन्हळ फुटली' अशी नोंद. आम्ही तेव्हा हसायचो. रंग द्यायचा सोडून म्हातारा भिंतीवर हिशेब लिहितो. ते म्हणत, या भिंतीला प्लॅस्टर करायचं नाही, तिला बोलू द्या. बाकी तिन्ही भिंतींना त्यांनी प्लॅस्टर केलं, हिला फक्त चुना. पुढे नवऱ्याने त्यावर ऑइलपेंट फासला, तो हा असा पोपडे होऊन सुटतोय. ऑइलपेंटमधून भिंतीला श्वास घेता येत नाही. आतलं पाणी बाहेर पडायला बघतं, क्षार पुढे आणतं आणि रंगाला मागून ढकलतं. चुन्यातून ते मुकाट निघून जायचं.

आणि या भिंतीपुढे मी अक्रोड निवडत होते!

ओल नक्की कुठून येते हे आधी कळायला हवं, असं मी जाहीर केलं. नवरा म्हणाला, "जमिनीतून, आणखी कुठून?" पण एक साधी परीक्षा असते, ती आम्ही केली. जाड प्लॅस्टिकचे हात-दोन हात लांबीचे चौकोनी तुकडे कापायचे, एक फरशीवर आणि एक भिंतीवर, चारही कडांनी खाकी टेप घट्ट दाबून चिकटवायचे आणि दोन दिवस हात लावायचा नाही. ओल्या भिंतीला टेप चिकटेना; केसांच्या ड्रायरने कडा कोरड्या कराव्या लागल्या. दोन दिवसांनी टॉर्च घेऊन दोघं गुडघ्यांवर बसलो. फरशीवरच्या प्लॅस्टिकच्या वरच्या अंगावर बारीक थेंब होते, बोट फिरवलं की रेघ उमटावी इतके, आणि खालचं अंग कोरडं. भिंतीवरच्याचं नेमकं उलटं: वरून कोरडं, आतून घाम सुटलेला, एक थेंब ओघळून टेपपाशी थांबलेला. म्हणजे फरशीची ओल जमिनीची नव्हतीच, ती हवेची होती. आषाढातली दमट हवा झरोक्यांतून खाली येते, गार फरशीला टेकते आणि तिचं पाणी होतं. दर पावसाळ्यात "हवा खेळू द्या, खिडक्या उघडा" म्हणून मी धावत जाऊन झरोके उघडते, तेव्हा नेमकं तेच पाणी आत बोलावते. पावसाळ्यात तळघर दिवसा बंद बरं. उघडायचं ते थंडीत आणि कोरड्या फाल्गुनात. भिंतीचं पाणी मात्र खरोखर बाहेरचं. एकाच खोलीत दोन निराळी पाणी, आणि ठेकेदाराच्या कागदावर दोन्हींवर एकच औषध.

मांडवगडला चंपा बावडी या जुन्या विहिरीला लागून असलेली कमानींची तळघरं पाहिलीत का? शंभरेक किलोमीटरवर आहे, आणि पावसाळ्यात अर्धं इंदूर तिथे कणीस खात हिंडत असतं, तरी बहुतेक जण जहाज महालावर फोटो काढून परततात. बावडीच्या पाण्याला लागून जमिनीखाली खोल्या आहेत. उन्हाळ्यात पाण्यावरून येणारा गारवा आत खेळावा म्हणून. तिथे उभं राहिलं की हेवा वाटतो. त्यांनी पाण्याला शेजारी म्हणून बसवलं, त्याची जागा त्याला दिली. भिंती जाडजूड, वर खाली वाटा मोकळ्या, हवेला यायला-जायला रस्ता. आणि इथे शहरातच लालबाग घ्या. होळकरांच्या त्या राजवाड्याचं स्वयंपाकघर खान नदीच्या पलीकडच्या काठाला, आणि तिथून जेवण आणायला नदीखालून भुयार. शाळेच्या सहलीत मुलांना घेऊन गेले होते तेव्हा एकाने विचारलं, वरण गार नाही का व्हायचं? मला पडलेला प्रश्न निराळा होता: वरून नदी, आणि खालून पंगत, त्या भुयाराची भिंत कोरडी कशी ठेवली असेल? राजाच्या पदरी माणसं होती हे उत्तर झालं, पण पूर्ण नाही. कुणीतरी रोज त्या भिंतीकडे बघत असणार.

मधेच एक दलाल येऊन गेला. भंवरकुआँच्या बाजूला क्लासची पोरं मावत नाहीत, तुमच्या बेसमेंटमध्ये लायब्ररी टाकू. केबिनी, एसी, वायफाय, महिन्याच्या एक तारखेला भाडं. नवरा क्षणभर विरघळला. आकडा विरघळण्यासारखाच होता. पण २०२४च्या जुलैत दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगरात कोचिंगच्या बेसमेंटमधल्या अशाच लायब्ररीत रस्त्यावरचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. आमच्या पुढचंच स्टेशन राजेंद्र नगर. त्या रात्री बातमीत नुसतं नाव ऐकून आईंचा जीव खालीवर झाला होता. त्यानंतर इथेही तळघरातल्या लायब्रऱ्यांची तपासणी झाली, कुलपं लागली. आणि ऑगस्ट २०२०ची रात्र आम्ही स्वतः बघितली आहे. चोवीस तासांत दहा इंचांवर पाऊस. पाणी जिन्यावरून आलं नाही, भिंतीतून आलं नाही; ते फरशीतल्या मोरीच्या जाळीतून उलटं वर आलं, आधी बुडबुडे, मग सरळ कारंजं. रस्त्याची गटारलाइन भरली की घरातली सगळ्यात खालची जाळी हेच तिचं तोंड. सकाळपर्यंत मखराची पेटी तरंगत होती. दलालाला मी हे सगळं सांगितलं नाही. भाड्याने द्यायचं नाही, इतकंच सांगितलं.

कायद्याचंही थोडं वाचलं. राष्ट्रीय इमारत संहितेत तळघराची उंची फरशीपासून छतापर्यंत किमान २.४ मीटर हवी, आणि त्याचं छत बाहेरच्या जमिनीपेक्षा किमान ०.९ आणि जास्तीत जास्त १.२ मीटर वर. अण्णांनी झरोक्यांसाठी स्लॅब तीन फूट उचलला होता, तो या मापात बरोबर बसतो. ओव्हरसियर शेवटी ओव्हरसियर. आमची आतली उंची आठ फूट दोन इंच. त्यात सहा इंचांचं फॉल्स सीलिंग लटकवलं की आपण २.४ मीटरच्या खाली, आणि डोक्यावर पंखा लावला तर मुलगा हात वर करून आळससुद्धा देऊ शकणार नाही. बाहेरच्या माती-पाण्याचा विचार करून भिंती आणि फरशी पाणी झिरपणार नाही अशा बांधाव्यात, पावसाचं वाहतं पाणी आत शिरू देऊ नये, हेही तिथे लिहिलंय. पॅनलबद्दल अवाक्षर नाही.

मग राऊकडचा एक म्हातारा मिस्त्री आला. अण्णांच्या वेळचा नाही, पण त्या पठडीतला. त्याने मोबाइल काढला नाही. भिंतीला तळवा लावला, वर-खाली फिरवला, पेन्सिलच्या रेघांपाशी थबकला. "ये किसने लिखा?" मी सांगितलं. "समझदार आदमी थे," एवढं म्हणून तो जिना चढून सरळ बाहेर गेला आणि उत्तरेच्या बाजूच्या गल्लीत उभा राहिला. घर आणि कंपाउंडच्या मधे तिथे जेमतेम चार फूट जागा. त्यात आईंचा वाफा: मोगरा, तगर, गवती चहा, कढीपत्ता. भिंतीला टेकून. रोज संध्याकाळी पाइपने पाणी. आणि वाफ्याच्या कोपऱ्यात गच्चीवरचा पावसाचा पाइप उतरतो, तो मातीतच मोकळा सोडलेला. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. "बाई, पानी बाहर से आ रिया है, तो इलाज भी बाहर से होगा ना." एप्रिलमध्येही भिंत ओली का, या प्रश्नाचं उत्तर मोगऱ्याला रोज मिळणाऱ्या पाण्यात होतं.

आता आईंना कोण सांगणार? नवरा म्हणाला, तू सांग. मी म्हटलं, आई तुमच्या. दोन दिवस असेच गेले. शेवटी त्या स्वतःच काठी टेकत गल्लीत गेल्या, मिस्त्रीने खडूने मारलेल्या खुणा बघून आल्या, आणि जेवताना म्हणाल्या, "कुंड्या आणा. मातीच्या. प्लॅस्टिकच्या नकोत." वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी आपला मोगरा हलवावा लागतोय याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी देवाला फुलं मात्र नेहमीपेक्षा जास्त वाहिली, निम्म्या तर कळ्याच होत्या.

तर नवीन एस्टिमेट असं आहे. पाऊस संपून माती वाळली की, म्हणजे दिवाळीनंतर, बाहेरून भिंतीलगत चर खणायचा. एकदम सगळा नाही. काळ्या मातीचा चर कोसळतो, म्हणून तुकड्या-तुकड्याने, एक बुजवून मग दुसरा. पायापर्यंत भिंत उघडी करायची, तारेच्या ब्रशने घासायची, सांधे भरायचे, वॉटरप्रूफिंगचे थर द्यायचे. तळाशी भोकं पाडलेला पाइप, भोवती गिट्टी, गिट्टीभोवती जाळीचं कापड, आणि ते पाणी पुढे संपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या टाकीत. वर भराव मुरमाचा, काळ्या मातीचा एक घमेलंही आत जायचं नाही. सगळ्यात वर भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी. गच्चीचा पाइप पुढे वाढवून बागेच्या टोकाला. मोरीच्या लाइनवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. आतमध्ये: उत्तरेच्या भिंतीवरचा ऑइलपेंट खरवडून काढायचा आणि एक पूर्ण पावसाळा तिला तशीच वाळू द्यायची. मग चुना. विजेचे पॉइंट कमरेच्या वर. फरशी आहे तीच शहाबादी, घासून. सीलिंग नाही. हा सगळा खर्च जमिनीत जाणार, पाहुण्याला दाखवावं असं त्यात काहीही नाही, हे कळल्यावर नवऱ्याने चष्मा काढून पुसला आणि तोच कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. "म्हणजे एवढे पैसे घालून खोली दिसणार आत्ता दिसते तशीच?" मी म्हटलं, थोडी पांढरी दिसेल.

तो अजून पूर्ण राजी नाही. एका भिंतीला तरी पॅनल लावू, पूर्वेच्या, ती कोरडी आहे, असा त्याचा आग्रह आहे, आणि तो अगदीच अवाजवी नाही. मुलगी म्हणते प्रोजेक्टर तर पांढऱ्या चुन्यावरही दिसतो. मुलाने वजनं ऑनलाइन मागवून ठेवली आहेत, ती वर दाराआड पडून आहेत आणि रोज कुणाच्या तरी करंगळीला लागतात. अण्णांच्या रेघा ठेवायच्या की खरवडायच्या, यावर माझं एकटीचं मत ठेवायच्या असं होतं. पण मिस्त्री म्हणतो ऑइलपेंट निघताना त्यातल्या निम्म्या जाणारच. ज्या रंगाखाली चुन्यावर मारलेल्या आहेत त्या कदाचित राहतील. मी फोटो काढून ठेवले आहेत. कामानंतर रेघा मारत राहायचं हे मात्र पक्कं, कारण चर खणून उपयोग झाला की नाही हे दुसरं कोण सांगणार.

सध्या भांडण आहे ते मातीवरून. चर खणल्यावर ट्रॉलीभर काळी माती निघेल. रस्त्यावर टाकली तर नगर निगमचा दंड, या शहरात कागदाचा कपटा टाकायची सोय नाही, मातीची कुठून असणार. ट्रॉलीवाला मुरूम आणायचे वेगळे आणि माती न्यायचे वेगळे पैसे मागतो. नवऱ्याचं म्हणणं, ही माळव्याची काळी माती आहे, गहू-सोयाबीनवाले शेतकरी हिच्यासाठी भांडतील, तूच आम्हाला पैसे दे. ट्रॉलीवाला हसतो आणि पुढच्या फेरीला निघून जातो. आईंनी मात्र आत्ताच बजावून ठेवलंय: सौदा काहीही ठरवा, ट्रॉली भरायच्या आधी कुंड्यांपुरती माती बाजूला काढायची, आणि ती वरच्या थराची, खालची पिवळी चालणार नाही.